रोबोट कंट्रोलरचा पॉवर सप्लाय : बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

रोबोट थांबला, टीच पेंडंट (रोबोट चालवायचा हातात धरायचा स्क्रीन) काळा पडला, की पॅनलसमोर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "सप्लाय गेला." मग स्टोअरमधून नवीन मॉड्यूल येतं, घाईघाईत बसवलं जातं, आणि पुष्कळदा तेही तासाभरात तसंच वागू लागतं. सप्लायवर आळ येतो, कारण पॅनलमधलं बाकी सगळं त्याच्याच जिवावर चालतं. रोबोटच्या हातावरच्या केबलमध्ये शॉर्ट असो, मोटरचा ब्रेक जास्त करंट खेचत असो किंवा येणाऱ्या तीन फेजपैकी एक अशक्त असो, सगळ्याची लक्षणं शेवटी सप्लायवरच दिसतात.

म्हणून या लेखात भर मॉड्यूल बदलण्यावर नाही, मोजण्यावर आहे. आणि मोजण्याच्याही आधी एका प्रश्नावर : दोष कधी येतो?

वीज पॅनलमध्ये कशी फिरते

कंपनी कोणतीही असो, कंट्रोलरमध्ये वीज तीन टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा येणाऱ्या एसीचा : मेन स्विच, फ्यूज किंवा ब्रेकर, लाइन फिल्टर, सर्ज शोषणारे घटक आणि काही कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर. दुसरा टप्पा डीसी बसचा. इथे तीन फेजचं रेक्टिफिकेशन, म्हणजे एसीचं डीसी, होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठते आणि सर्वो ॲम्प्लिफायर तिथून मोटरींना करंट देतात. तिसरा टप्पा नियंत्रणाच्या व्होल्टेजचा : २४ व्होल्ट आणि त्यातून पुढे बोर्डांसाठी ५, ३.३, अधिक-उणे १५ वगैरे.

तपशील कंपनीगणिक बदलतात आणि तिथेच माणूस फसतो. एबीबीच्या आयआरसी ५ मध्ये २४ व्होल्ट तयार करणारं मॉड्यूल (डीएसक्यूसी ६६१) वेगळं असतं आणि ते वाटून देणारा बोर्ड (डीएसक्यूसी ६६२) वेगळा. पहिला ठणठणीत असूनही दुसऱ्यावरची एखादी शाखा मेलेली असू शकते. कुकाच्या केआरसी ४ मध्ये नियंत्रणाचं व्होल्टेज २४ नसून २७ असतं, तेव्हा मीटरवर २७ दिसले म्हणून सप्लाय जास्त देतोय असा निष्कर्ष काढू नका. फानुकमध्ये २४ व्होल्टच्याच दोन वाटा असतात, एक सर्वसाधारण आणि एक इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीसाठी, आणि दोघींचे फ्यूज वेगळे. पॅनलचा विद्युत आराखडा समोर उघडा ठेवल्याशिवाय मीटर हातात घेऊ नका.

हात घालण्याआधी

मेन स्विच बंद केला तरी स्विचच्या वरच्या बाजूची टर्मिनलं जिवंतच राहतात. काही पॅनलमध्ये दिवा, सॉकेट किंवा बाहेरून आलेले इंटरलॉक वेगळ्या पुरवठ्यावर असतात. आयईसी ६०२०४-१ या मानकात अशा वायरींसाठी नारिंगी रंग सुचवला आहे. नारिंगी वायर दिसली की मेन स्विच बंद असूनही तिच्यात वीज आहे असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट डीसी बस. त्याच मानकानुसार वीज तोडल्यावर ५ सेकंदांत उरलेलं व्होल्टेज ६० किंवा त्याखाली यायला हवं, नाहीतर तशी सूचना पॅनलवर लिहिलेली असली पाहिजे. सर्वो ॲम्प्लिफायरवर ती सूचना बहुधा असतेच. सांगितलेली मिनिटं थांबा, चार्जचा दिवा विझू द्या आणि तरीही मीटर लावून खात्री करा. दिवा जळलेला असेल तर तो विझलेलाच दिसणार. मीटर आधी माहीत असलेल्या जिवंत जागी तपासा, मग बसवर लावा, मग पुन्हा जिवंत जागी. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर तो शून्यच दाखवेल, म्हणून हा तिसरा टप्पा.

मीटर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लाटेचंही खरं व्होल्टेज दाखवणारा) आणि कॅट ३ (मीटरचा सुरक्षा-दर्जा), ६०० व्होल्ट किंवा त्याहून वरच्या दर्जाचा हवा. सोबत डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असला तर अर्धं काम सोपं होतं. ऑसिलोस्कोप शक्यतो बॅटरीवर चालणारा घ्या. अर्थ केलेल्या स्कोपचा ग्राउंड क्लिप डीसी बसला किंवा सप्लायच्या प्रायमरी बाजूला लावला, की फ्यूजपासून प्रोबपर्यंत सगळं उडतं.

आणि कंट्रोलर अजून चालू होत असेल तर सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप काढून घ्या.

पहिली पायरी : दोष कधी येतो ते लिहून काढा

अलार्मचा क्रमांक महत्त्वाचा आहेच, पण तो कोणत्या क्षणी आला यातून जास्त कळतं. ऑपरेटरला "काय झालं?" विचारलं तर उत्तर मिळतं, "अचानक बंद पडला." त्याऐवजी नेमकं विचारा. मेन स्विच चालू करताच? सर्वो ऑन करताना, म्हणजे मोटरींना वीज देताना? हात वेग घेताना की थांबताना? ग्रिपर (हाताच्या टोकाचा पकडणारा भाग) बंद होताना? दुपारी? शेजारचं मोठं मशीन सुरू झालं तेव्हा? हात एखाद्या ठरावीक जागी पोहोचल्यावर?

यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला नेतं. स्विच टाकताच ब्रेकर पडत असेल तर एसी बाजूला शॉर्ट असेल किंवा ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा झटका ब्रेकरला झेपत नसेल. सी प्रकारचा एमसीबी (छोटा ब्रेकर) त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला तत्काळ पडतो, डी प्रकारचा १० ते २० पटीला. ट्रान्सफॉर्मर असलेल्या पॅनलच्या मागे कोणी सी बसवला असेल तर तो कधी टिकेल, कधी पडेल. स्विच टाकण्याच्या क्षणी एसीची लाट कुठे आहे यावर ते ठरतं.

सर्वो ऑनच्या क्षणी दोष आला तर ब्रेककडे बघा. सगळ्या अक्षांचे ब्रेक जवळपास एकदमच सुटतात आणि त्या क्षणी नियंत्रणाच्या सप्लायवर एकाएकी भार येतो. म्हातारा झालेला सप्लाय स्वस्थ बसलेला असताना २४.१ दाखवतो आणि नेमका इथे कोसळतो. वेग घेताना बसचं व्होल्टेज कमी पडत असेल तर येणारी फेज किंवा रेक्टिफायर. हात थांबताना बसचं व्होल्टेज वाढत असेल तर रिजनरेशनचा रेझिस्टर (थांबताना मोटरीकडून परत येणारी वीज जाळणारा) आणि त्याचं सर्किट. दुपारी येणारा दोष उष्णतेचा. हाताच्या ठरावीक जागेवर येणारा दोष जवळपास नेहमीच केबलचा, आणि त्यासाठी सप्लाय मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

अलार्मची नोंदही क्षणानुसार वाचा. फानुकवर एसआरव्हीओ-०४७ म्हणजे ॲम्प्लिफायरच्या नियंत्रण सप्लायचं व्होल्टेज कमी, एसआरव्हीओ-१३६ म्हणजे डीसी बसचं कमी, आणि एसआरव्हीओ-०४४ म्हणजे बसचं जास्त. तिन्ही "व्होल्टेजचे अलार्म", पण पहिला तिसऱ्या टप्प्यातला आणि बाकीचे दोन दुसऱ्या टप्प्यातले. एकाच वेळी दहा अलार्म आले असतील तर सगळ्यात जुना आधी वाचा. २४ व्होल्ट गेल्यावर एन्कोडर (अक्षाची जागा मोजणारा), नेटवर्क, आयओ (इनपुट-आउटपुट), पंखा असे सगळेच ओरडतात.

दुसरी पायरी : येणारी वीज

रोबोट चालू असताना तिन्ही फेज एकमेकींत मोजा. कंट्रोलर बंद असताना मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ढिल्या लगमधून (वायरीच्या टोकाच्या जोडातून) विनाभार पूर्ण व्होल्टेज येतं आणि भार पडला की पडतं.

समजा मीटरवर ४१२, ४०८ आणि ३८६ आले. सरासरी ४०२, तिच्यापासून सर्वांत दूरचा आकडा १६ ने, म्हणजे जवळपास ४ टक्के असमतोल. हे जास्त आहे. २ टक्क्यांच्या वर गेलं की कारण शोधायला लागा. रेक्टिफायर जास्त व्होल्टेज असलेल्या दोन फेजवरच जास्त ओढतो, त्यामुळे व्होल्टेजमधला थोडासा असमतोल करंटमध्ये कितीतरी मोठा होऊन दिसतो. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट पाहिला तर हे लगेच लक्षात येतं.

मग खालून वर मोजत चला : कंट्रोलरच्या मेन स्विचच्या खाली, वर, वितरण पॅनलवर. जिथे असमतोल नाहीसा होतो, त्याच्या खालच्या जोडात दोष आहे. भार असताना स्विचच्या एकाच फेजच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये मीटर लावा. निरोगी संपर्कावर मिलिव्होल्ट दिसतात. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो संपर्क जळतोय. थर्मल कॅमेरा असेल तर तीच जागा उजळून दिसेल, पण त्यासाठी रोबोट निदान अर्धा तास पूर्ण भाराने चाललेला हवा.

दुसऱ्या जागेहून हलवून आणलेल्या रोबोटमध्ये ट्रान्सफॉर्मरचा टॅप (येणाऱ्या व्होल्टेजनुसार निवडायची जोडणी) आवर्जून बघा. ३८० च्या टॅपवर ४१५ व्होल्ट दिले तर पुढचं सगळं ९ टक्क्यांनी वर जातं. रोबोट चालतो, तक्रार नसते, आणि मग हात जोरात थांबवताना बस ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येऊ लागतो.

क्षणभर व्होल्टेज बसण्याचे दोष मल्टिमीटरवर दिसत नाहीत. स्विचमोड सप्लाय साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झची एक लाट, आतल्या कपॅसिटरवर तग धरतो. जुना झाला की तेवढाही धरत नाही. मीटरची मिन-मॅक्स सोय बऱ्याचदा याहून मंद असते. शेजारच्या मशीनबरोबर दोष येतो अशी शंका असेल तर नोंद ठेवणारा पॉवर ॲनालायझर काही दिवस लावून ठेवा आणि त्याचं घड्याळ कंट्रोलरच्या घड्याळाशी जुळवून घ्या. हे जुळवणं राहिलं तर नोंदींचा काही उपयोग नाही.

तिसरी पायरी : दिवे आणि फ्यूज

सप्लायचा हिरवा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. तो दिवा सप्लायच्या तोंडाशी व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. मात्र दिवा लुकलुकत असेल आणि सप्लायमधून टिक-टिक आवाज येत असेल तर ती फार मोलाची खूण आहे. सप्लाय सुरू होऊ पाहतोय, त्याला जास्त करंट दिसतोय, तो माघार घेतोय, पुन्हा प्रयत्न करतोय. असा सप्लाय बहुधा जिवंत असतो आणि दोष पुढच्या भारात असतो.

फ्यूज काढून बीप वाजवून बघण्याची सवय आहे, पण जागेवरच मोजणं जास्त चांगलं. सप्लाय चालू असताना फ्यूजच्या दोन टोकांत मीटर लावा. चांगल्या फ्यूजवर काही मिलिव्होल्ट, उडालेल्यावर जवळजवळ पूर्ण २४. काढ-घाल करताना क्लिप ढिल्या होतात तो त्रासही वाचतो.

उडालेला काचेचा फ्यूज फेकू नका, आधी नीट बघा. काच आतून काळवंडलेली किंवा तिच्यावर धातूचा मुलामा चढल्यासारखा दिसला तर करंट प्रचंड होता : थेट शॉर्ट. तार मधोमध शांतपणे वितळलेली आणि काच स्वच्छ असेल तर ओव्हरलोड, किंवा फ्यूजचंच वय. पहिल्या प्रकारात नवीन फ्यूज लावून बघू नका, तोही जाणार. दुसऱ्या प्रकारात एकदा लावून करंट मोजायला हरकत नाही. आणि फ्यूज त्याच रेटिंगचा, त्याच प्रकारचा. स्लो-ब्लोच्या जागी फास्ट लावला तर चालू करतानाच उडेल, आणि मोठ्या रेटिंगचा लावला तर त्याच्याऐवजी बोर्डावरचा ट्रॅक उडेल.

फ्यूज कुठला उडाला हेही बोलकं असतं. फानुकवर एसआरव्हीओ-२१४ आला तर तो सहा अक्षांच्या सर्वो ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज उडाल्याचा इशारा आहे. त्यातला एफएस२ हाताच्या टोकाकडे जाणारे २४ व्होल्ट सांभाळतो. तो उडाला असेल तर पॅनल बंद करा आणि ग्रिपरच्या केबलकडे चला.

चौथी पायरी : २४ व्होल्ट

खरा वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

सुरुवात भाराच्या टोकाकडून करा. सप्लायच्या टर्मिनलवर २४.० आहेत म्हणून ग्रिपरच्या व्हॉल्व्हवर तेवढे पोहोचतातच असं नाही. ०.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ३९ ओहम असतो. कंट्रोलरपासून हाताच्या टोकापर्यंत २० मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे दीड ओहमपेक्षा थोडं जास्त. व्हॉल्व्ह आणि सेन्सर मिळून २ ॲम्पिअर ओढत असतील तर ३ व्होल्ट वाटेतच संपतात आणि टोकाला २१ च्या आतबाहेर उरतात. आयईसी ६११३१-२ नुसार २४ व्होल्टच्या उपकरणाला १५ टक्के कमी, म्हणजे २०.४ पर्यंत चालतं. म्हणजे आपण काठावरच उभे आहोत. त्यात एखादा कनेक्टर थोडा गंजला की सेन्सर अधूनमधून डोळे मिटतो, आणि दोष सप्लायच्या नावावर जमा होतो.

० व्होल्टची बाजूही तेवढीच तपासा. मीटरचं एक टोक सप्लायच्या ० वर, दुसरं दूरच्या उपकरणाच्या ० वर. भार असताना तिथे एक व्होल्ट दिसला तर परतीच्या वाटेत रोध आहे. सगळे जण अधिकची वायर तपासतात आणि हा दोष तसाच राहतो.

आता सप्लाय टिक-टिक करतोय असं धरा. पॅनल बंद करा, सप्लायच्या आउटपुटवरचे सगळे भार सोडवा आणि सप्लाय एकटा चालू करा. व्यवस्थित २४ आले तर सप्लायवरचा मोठा संशय फिटला. मग वीज बंद करून एक शाखा जोडा, चालू करा, बघा, बंद करा, पुढची जोडा. शाखा पुष्कळ असतील तर एकेक करत बसू नका. निम्म्या जोडा, निम्म्या सुट्या ठेवा, ज्या निम्म्यात दोष आहे तिचे पुन्हा दोन भाग करा. १६ शाखांमधून दोषी शाखा ४ वेळांत सापडते. चालू वीज असताना प्लग काढ-घाल करण्याचा मोह टाळा. शॉर्ट नसलेल्या बोर्डालाही त्या झटक्याने इजा होऊ शकते.

शाखा सापडली, पण शॉर्ट नेमका कुठे? ओहम मीटर इथे आंधळा पडतो, कारण सगळीकडून "०.४ ओहम"च दिसतं. सप्लाय त्या शाखेपासून पूर्ण सोडवून बेंच पॉवर सप्लायमधून १ ते २ व्होल्ट, करंट मर्यादा १ ॲम्पिअर, असे सोडा. एवढ्या कमी व्होल्टेजला बहुतेक इलेक्ट्रॉनिक सर्किटं जागीच होत नाहीत, त्यामुळे करंट सरळ शॉर्टकडे धावतो. डीसी क्लॅम्प मीटर घेऊन वायरीमागून वायर बघत जा. जिच्यात १ ॲम्पिअर दिसेल ती धरा, आणि जिथे करंट नाहीसा होईल तिथे थांबा. बोर्डावरचा शॉर्ट असेल तर तोच घटक कोमट लागतो.

शॉर्ट झालेल्या घटकांमध्ये व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडवर (कॉइलवर) लावलेल्या उलट डायोडचा नंबर वरचा आहे. तो शॉर्ट झाला तर व्हॉल्व्ह चालू होताक्षणी २४ व्होल्ट जमिनीवर येतात. तो तुटला तर गंमत वेगळीच : व्हॉल्व्ह व्यवस्थित चालतो, पण बंद होताना उलट झटका मारतो आणि भलतंच काही रीसेट होतं. ग्रिपर उघडताना कॅमेरा रीस्टार्ट होतो, अशा तक्रारींचा उगम बऱ्याचदा इथे असतो.

हाताच्या ठरावीक जागेवर येणाऱ्या दोषासाठी बसून मोजण्याचा उपयोग नाही. केबल वाकल्यावरच तिच्यातली वायर उघडी पडून चेसिसला लागते. बऱ्याच पॅनलमध्ये ० व्होल्ट अर्थला जोडलेला असल्याने २४ ची वायर चेसिसला लागणं म्हणजे शॉर्टच. टी१ या चाचणी मोडमध्ये, कमी वेगाने, कुंपणाच्या आत दुसरं कोणी नसताना, एकेक अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मनगटाच्या अक्षांपासून सुरुवात करा, केबल तिथेच सर्वांत जास्त पिळली जाते. जागा सापडली की त्या स्थितीची नोंद करा, वीज बंद करा आणि केबलचा तेवढाच भाग हाताने चाचपून बघा. वरचं आवरण शाबूत आणि आतली वायर तुटलेली, असं सर्रास आढळतं.

रिपल (डीसीवर उरलेली लहर) मोजायला स्कोप लागतो. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून आखूड स्प्रिंग लावा, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करा. लांब वायर ठेवली तर स्कोप तुम्हाला आजूबाजूच्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट (नॉइज) दाखवेल आणि तुम्ही चांगला सप्लाय फेकून द्याल. सिंगल फेजवर चालणाऱ्या सप्लायच्या आउटपुटवर १०० हर्ट्झची लहर दिसली तर प्रायमरी बाजूचा मोठा कपॅसिटर आटलाय. लहर दहा-वीस किलोहर्ट्झच्या वरची आणि टोकदार असेल तर आउटपुटचे कपॅसिटर. निरोगी सप्लायमध्ये शिखरापासून शिखरापर्यंत साधारण १००-१५० मिलिव्होल्टच्या आत असतं. अर्धा व्होल्ट दिसू लागला की त्या सप्लायचे दिवस भरले. स्कोप नसेल तर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून अंदाज येतो. त्यावर आकडा मोठा आला तर संशय घ्या, पण छोटा आला म्हणून सप्लायला निर्दोष ठरवू नका.

पाचवी पायरी : डीसी बस

तीन फेज रेक्टिफायरनंतर बसवर येणाऱ्या व्होल्टेजच्या साधारण १.३५ ते १.४१ पट दिसायला हवेत. ४०० व्होल्टला ५४० ते ५६५, २०० व्होल्टला २७० ते २८३. बस नियंत्रित करणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये आकडे वेगळे असतात, म्हणून त्या मॉडेलचा मॅन्युअल पाहा.

सर्वो ऑन केल्यावर बस चढतच नसेल तर प्रीचार्जचा रेझिस्टर आणि कॉन्टॅक्टर तपासा. प्रीचार्ज रेझिस्टर कपॅसिटर भरताना करंट आवरतो, मग मुख्य कॉन्टॅक्टर त्याला बगल देतो. रेझिस्टर तुटला तर बस शून्यावरच राहते. कॉन्टॅक्टर चिकटला तर पुढच्या वेळी प्रीचार्जविना थेट झटका बसतो आणि मुख्य फ्यूज किंवा रेक्टिफायर जातो. रेझिस्टर जळलेला मिळाला तर फक्त तो बदलून मोकळे होऊ नका. तो एवढा का तापला, बसवर गळती आहे का, कॉन्टॅक्टर वेळेवर ओढतोय का, हे पाहा.

बस चढते पण वेग घेताना पडते, तेव्हा एक फेज नसण्याची शक्यता मोठी. तीन फेज असताना ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर बसची लहर ३०० हर्ट्झची असते. एक फेज गेली की ती १०० हर्ट्झची होते आणि खूप खोल जाते. विनाभार मात्र बस पूर्ण भरलेली दिसते, कारण दोन फेजही कपॅसिटर शिखरापर्यंत भरतात. म्हणून थांबलेल्या रोबोटवर बस मोजून "ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

रेक्टिफायर आणि आयजीबीटी (मोटरला करंट सोडणारे ॲम्प्लिफायरमधले स्विच) वीज पूर्ण उतरल्यावर डायोड मोडमध्ये तपासता येतात. मोटरच्या केबल सोडवा. काळं प्रोब बसच्या अधिकवर, लाल आळीपाळीने तिन्ही आउटपुटवर : साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवेत आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. उलट लावल्यावर काहीच नको. मग लाल बसच्या उण्यावर ठेवून तेच. एक आकडा वेगळा आला तर त्या आउटपुटचा भाग गेला. मोटर आणि तिच्या केबलचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) बघायचं तर ॲम्प्लिफायर पूर्ण सुटा केल्यावरच. ५०० व्होल्टचा मेगर ॲम्प्लिफायरवर चालवला तर आधी नसलेला दोष तयार होईल.

रिजनरेशनच्या रेझिस्टरचा रोध थंड असताना मोजा आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. सोबत त्याचा थर्मोस्टॅटही. रेझिस्टर चांगला आहे आणि अलार्म मात्र येतोच, तर प्रोग्रॅममध्ये अलीकडे वेग किंवा वजन वाढवलंय का हे विचारा.

सहावी पायरी : सप्लाय टेबलावर

सप्लाय एकटा लावूनही २४ देत नसेल तर तो काढून टेबलावर घ्या. भार म्हणून २४ व्होल्ट, २१ वॅटचे ट्रकचे बल्ब उत्तम : प्रत्येकी ०.८७५ ॲम्पिअर. मात्र थंड बल्ब सुरुवातीला कित्येक पट जास्त करंट खेचतो, म्हणून सगळे एकदम जोडू नका, एकेक वाढवा. १० ॲम्पिअरच्या सप्लायला आठ-नऊ बल्बांवर अर्धा तास ठेवा आणि व्होल्टेज, रिपल, तापमान बघत राहा. काही मॉड्यूलना चालू होण्यासाठी बाहेरून ऑनचा सिग्नल लागतो. तो न देता सप्लाय मेलेला ठरवू नका.

आत पाहायचं तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी. डोकं फुगलेला सहज ओळखू येतो, पण सपाट डोक्याचाही आटलेला असू शकतो, त्याला ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजणारा मीटर लागतो. मोठ्या सुट्टीनंतर सप्लाय चालूच होत नाही, पण आदल्या दिवसापर्यंत वर्षानुवर्षं चालत होता, अशा वेळी कंट्रोल आयसीजवळचा छोटा कपॅसिटर बघा. तो आटला तर चालू असलेला सप्लाय चालत राहतो, मात्र एकदा बंद केला की आयसीला उठायला पुरेशी ताकद मिळत नाही.

कपॅसिटर लवकर आटतो तो उष्णतेने. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना ५,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ८०,००० तास, म्हणजे सतत चालू राहिला तर ९ वर्षं टिकेल. पॅनलचा फिल्टर तुंबला आणि तोच ७५ अंशांवर गेला, तर साडेचार. सप्लाय बदलताना पंखा आणि फिल्टर न बघणारा माणूस पुढचा सप्लायही तिथूनच घालवतो.

नवीन मॉड्यूल बसवताना

आधी आउटपुट मोकळं ठेवून व्होल्टेज मोजा, मगच भार जोडा. व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू असतो तो कारखान्यातून कसा आला असेल याचा भरवसा नाही. समांतर चालणाऱ्या दोन सप्लायमध्ये थोडा जरी फरक राहिला तर जास्त व्होल्टेजवालाच जवळपास सगळा भार उचलतो. टर्मिनल स्क्रू सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा.

कंट्रोलर बराच काळ बंद राहणार असेल तर एन्कोडरच्या बॅटरीची स्थिती लक्षात घ्या. बऱ्याच रोबोटमध्ये हाताच्या पायथ्याशी असलेल्या त्या बॅटरीवरच अक्षांच्या जागांची स्मृती असते. ती आधीच अशक्त असेल आणि सप्लायच्या शोधात दोन दिवस गेले, तर सप्लाय दुरुस्त होईल आणि मास्टरिंग (अक्षांची शून्य जागा ठरवणं) मात्र नव्याने करावं लागेल. बॅटरी बदलायची तर शक्यतो कंट्रोलर चालू असताना.

शेवटी रोबोट पूर्ण वेगाने, पूर्ण वजनासह चालवा आणि आकडे लिहा : तिन्ही फेज, सप्लायच्या तोंडाशी २४, ग्रिपरच्या टोकाला २४, सर्वो ऑनच्या क्षणाचं किमान व्होल्टेज, रिपल, पॅनलमधलं तापमान. कागद तारखेसह पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी हेच पुन्हा मोजलं आणि सर्वो ऑनच्या क्षणी २३.६ ऐवजी २२.४ दिसले, तर पुढचा सप्लाय ब्रेकडाउन होण्याआधी, नियोजित बंदच्या दिवशी बदलता येईल.